नवसात दिलेला गळा

माझ्या आईच्या आजीला मी कधी पाहिलं नाही. चतुराबाई तिचं नाव. मी जन्मायच्या कितीतरी आधी ती गेली. तरी तिचा मला राग येतो, आणि आई कितीही समजावू दे, तो जात नाही.

चतुराबाईची सून म्हणजे माझी आजी, गोजरबाई. तिचं माहेर शहागडचं. घरात देवीची परडी, वडील आराधी. नवरात्रात ते झांज आणि संबळाच्या साथीवर देवीची गाणी म्हणत गावोगाव जायचे आणि ही पोर परकर सावरत सगळ्यांच्या पुढे. वडील अर्ध्या कडव्यात मुद्दाम थांबायचे, म्हणजे पुढचं हिनं एकटीनं म्हणावं. वडीगोद्रीच्या चतुराबाईनं तिला अशीच एकदा ऐकली आणि घरी येऊन मुलाला, पुंजारामला, सांगून टाकलं की तुझी बायको ठरली. मुलगी दाखवायचा कार्यक्रम झालाच नाही. निजामाच्या राज्यातलं ते साधारण एकोणीसशे सव्वीस साल असेल.

सुरुवातीला सासूनं सुनेचे फार लाड केले. भाकरी टाकता टाकता म्हणायची, "राहू दे गं, थापते मी. तू म्हण." शेजारची सगुणाबाई हातातलं काम टाकून उंबऱ्याशी येऊन बसायची. आजी आयुष्यात मोकळी अशी तेवढीच राहिली.

मग आजीची दोन मुलं चालायला लागायच्या आत गेली. तिसरा मुलगा झाला तेव्हा चतुराबाईनं त्याला उकिरड्यावर लोळवलं आणि नाव कचरू ठेवलं. टाकून दिलेल्या पोराकडे मरण कशाला बघेल, असा हिशेब. पण कचरूलाही दुसऱ्या वर्षी ताप भरला आणि तो डोळे उघडेना. चतुराबाई तशीच अंबडला गेली, मत्स्योदरीच्या टेकडीवर चढली आणि देवीपुढे नवस बोलली. साडीखण आधीच्या दोघांच्या वेळी बोलून झाला होता. म्हणून या वेळी घरातली सगळ्यांत लाडकी गोष्ट दिली. पोरगं जगलं तर माझी सून जन्मात गाणार नाही, गायली तर तू दिलेला नातू परत घे.

आता बोला! नवस बोलायचा तर स्वतःच्या जिवाचं काही द्यावं. तंबाखू सोडावी, गोड सोडावं. बाईनं सुनेचा गळा देऊन टाकला, तोही तिला न विचारता. आणि दैव असं, की ती टेकडी उतरून घरी पोचली तेव्हा कचरू उठून बसला होता आणि भाकरी मागत होता. मग कोण काय बोलणार? आजी देवीच्या घरातलीच. नवस फिरवायचा तर तो बोलणाऱ्यानंच फिरवायचा, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

त्या दिवसापासून आजी जात्यावर मुकी बसू लागली. हळदीला, बारशाला बायका अडल्या की तिच्याकडे बघायच्या. ती पुढची ओळ सांगायची, पण बोलून, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी. हाताचं बोट मात्र जमिनीवर ठेका धरायचं. कचरूला आणि त्याच्यामागून झालेल्या नंदाला, म्हणजे माझ्या आईला, तिनं नुसतं थोपटून वाढवलं. ज्याच्यासाठी नवस बोलला, त्याच्या कानावर तो जाऊ द्यायचा नसतो. त्यामुळे मुलांना वाटायचं, आपल्या आईला गाणं आवडतच नाही.

चतुराबाई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा आजीनं तिचे पाय धरले.

"आत्याबाई, देवीला दिलेला शब्द माघारी घ्या. घुसमटून राह्यले मी."

"अन् पोराला काई झालं तर?" म्हातारी रडायला लागली. "मला बी जिवाहून आवडायचं तुझं म्हणणं. म्हणून तर तेच दिलं, माय."

शब्द माघारी न घेताच ती गेली. आई म्हणते, इथं तरी तिचा राग सोड. मला नाही सुटत. रडली म्हणून दार उघडलं का तिनं?

अठ्ठेचाळीस साली गावातली तरणी पोरं रझाकारांना तोंड द्यायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात जायला लागली. कचरूही निघाला, सोबत त्याचा मित्र कारभारी. तेवढ्यात सगुणाबाईच्या तोंडून त्याला नवसाचं कळलं. निघायच्या सकाळी तो चुलीपाशी येऊन बसला.

"आई, एकदा म्हण. मला काई होत न्हाई. तुझा आवाज ऐकून जातो."

आजीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. कपाळाला परडीतलं कुंकू लावलं आणि भाकरी बांधून दिली. माझी आई तेव्हा दहाएक वर्षांची, दारात उभी होती. ती सांगते, आईचा गळा नुसता वरखाली होत होता, पण आवाज आला नाही.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य संपलं. गावात पेढे वाटले. पोरं परतली. कारभारी आमच्या दारात आला तो रडतच. सरहद्दीवरच्या नाक्यावर गोळी चालली आणि त्यानं कचरूला डोळ्यांदेखत पडताना पाहिलं. अंधाधुंदीत देह आणता आला नाही.

लगेच नवरात्र लागलं. घटाला माळ चढली आणि सगुणाबाई झांज घेऊन चार बायकांसह अंगणात आली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट तिला वाटत होतं, निदान आता तरी ही बाई सुटावी.

"गोजरे, देवीनं तिचा शब्द न्हाई पाळला. तू कशाला पाळायलीस? आता म्हण बिनघोर. कुनाचं काई व्हायचं राह्यलंय?"

आजीनं परडी मांडीवर घेतली. झांजेकडे बघत राहिली. आईला वाटलं, आता म्हणते.

"तुमच्या लेखी गेला असंल त्यो," आजी म्हणाली. "म्या म्हणलं, की माझ्या लेखी बी जाईल."

सगुणाबाईनं झांज खाली ठेवली. बायका तशाच उठून गेल्या.

त्यानंतर आजी पुष्कळ वर्षं जगली. माझ्या बारशाला पाळण्याशी तीच बसली होती. बायका पाळणा म्हणत होत्या आणि ती ओठ मिटून मला थोपटत होती.