मामूंच्या जीपमधलं आईचं गाणं

मामूंच्या जीपला हॉर्न नव्हता. कधीकाळी असेलही, पण आमच्या वेळेला तरी नव्हता. रस्त्यात म्हैस आडवी आली की मामू टेपचा आवाज वाढवत आणि म्हैस मुकाट्यानं बाजूला होई. "हॉर्नमुळं माणसाला गुस्सा येतो. गाणं लावलं म्हणून कोणी भांडतं का?" असं त्यांचं म्हणणं.

गेल्या महिन्यात लेक मला एमआयडीसीतून घ्यायला आली. तिथल्या बियाणं कंपनीची प्रयोगशाळा मी सांभाळते. "आई, हे ऐक, जुनंय पण भारीये," म्हणत तिनं गाडीत मोबाइलवर एक पॉप अल्बम लावला. पहिल्या ठेक्यालाच माझ्या अंगावर काटा आला. कॉलेजच्या दिवसांत हा अल्बम मी रोज जाता-येता ऐकला होता. सगळी गाणी मी खड्या आवाजात, बेसूर म्हटली. लेक बघतच राहिली. मग तिला मामू सांगायला घेतले, ते घर आलं तरी संपेनात.

मामू किडकिडीत, उंच, दाढीला मेंदी. जाफराबाद ते जालना काळी-पिवळी चालवायचे. सगळा तालुका त्यांना मामू म्हणे. त्यांच्याच वयाचे माझे वडील, अण्णा, तेही मामूच म्हणत. आमच्या खेड्यातून जालन्याला कॉलेजला जाणाऱ्या आम्ही चौघी पहिल्याच. आम्ही बसायला लागल्यापासून मामूंनी बाकीच्या चावट कॅसेटी घरी नेऊन टाकल्या आणि या अल्बमची एकच ठेवली. पुढच्या सीटवर फक्त आम्ही. कोणी कुरकुर केली तर म्हणत, "मर्दानं मागं लटकावं. हवा बराबर लागती."

तीच कॅसेट रोज वाजायची, त्यामुळे लोक अंतरसुद्धा गाण्यांत मोजू लागले. "तिसरं गाणं संपलं की फाट्यावर उतरा," असं एखाद्या नव्या पाहुण्याला सांगितलं जाई आणि पाहुणा बिनचूक फाट्यावर उतरे. कॅसेटची फीत गुंतली की मामू जीप कडेला घेऊन पेन्सिलीनं ती हळूहळू गुंडाळत. तोवर कितीही खोळंबा झाला तरी घाई करायची कोणाची टाप नव्हती.

घोळ झाला तो एका गाण्यानं. त्यातला पोरगा आनंदानं वेडा होऊन पुन्हा पुन्हा "तू आई, तू आई" म्हणतो. हिंदीतलं आई, म्हणजे आली. सरळ सरळ प्रेमाचं गाणं. पण भावकीतल्या एका काकांनी पारावर बसून सुरू केलं, "पोरी पिरमाची गाणी ऐकत जालन्याला जाऊन राह्यल्या. कॉलेज बंद करा." अण्णा पारावरून मान खाली घालून घरी आले. मी घाबरून गेले, कारण माझं शिक्षण थांबलं असतं तर बाकी तिघींचंही थांबलं असतं. अण्णांची पोरगी जाते म्हणून तर त्यांना सोडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामूंनी जीप थेट पारापाशी उभी केली आणि तेच गाणं मोठ्यांदा लावलं. "ऐका! काय म्हणतो त्यो? आई म्हणतो का न्हाई? आईच्या गाण्याला कोणाची ना है, त्यानं हात वर करावा."

कोणी हात वर करीना. काकांची म्हातारी आई समोरच्या ओट्यावर बसली होती. तिनं दोन्ही हात जोडले. "किती जीव तोडून बोलावून राह्यलं गं लेकरू मायला!"

झालं, काकांचा आवाज बंद. जीपमध्ये आम्ही चौघींनी तोंडात ओढण्या कोंबल्या होत्या. अण्णा मात्र गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बस गं, उशीर होईल."

गंमत पुढंच आहे. नवरात्रात मंडळाच्या पोरांनी ती कॅसेट देवीसमोर लावायला मागितली. मामूंनी साफ नकार दिला. "मजाक पारावर ठीक है, देवीपुढं बिलकुल न्हाई." मामू असे होते, म्हणून आमचा त्यांच्यावर विश्वास होता.

इतकी वर्षं मी समजत होते की मामूंनी अण्णांनाही बनवलं. परवाच्या रविवारी गावी गेले तेव्हा अण्णांना मोबाइलवर ते गाणं ऐकवलं आणि म्हटलं, "अण्णा, हे आईचं गाणं न्हाई बरं का."

अण्णा हसायलाच लागले. "अगं माय, जालन्याच्या बाजारात कापूस इकण्यात जन्म गेला माझा. मला हिंदी कळत न्हाई व्हय? आदल्या सांजच्याला मामू घरी आल्ता. म्हणला, अण्णा, गाना मोहब्बत का है, तुमसे झूठ नहीं बोलूंगा. म्हणत असाल तर कॅसेट बदलतो. पण आज कॅसेट बदलली तर उद्या म्हणतील पोरींचे कपडे बदला, आन् परवा म्हणतील पोरी घरीच ठेवा. मंग मी म्हणलो, मामू, लाव उद्या पारावर."

आज आमच्यातली एक तलाठी आहे, दोघी शाळेत शिकवतात. आमच्या हिमतीवर शिकलो, असं आम्ही चारचौघांत मिरवत आलो. ती हिंमत या दोन माणसांनी आमच्या पाठीशी उभी केली होती, आणि दोघांनी कधी चकार शब्द काढला नाही. मला त्या दोघांचा फार अभिमान वाटला, आणि मी त्यांची लेक आहे याचाही.

"मामू गेले तेव्हा तुम्ही गेल्ता का अण्णा?" मी विचारलं. मी तेव्हा बाळंतीण होते, मला कोणी कळवलंच नव्हतं.

"माती द्यायला गेल्तो की. भावकीच्या दारोदार जाऊन सांगितलं, चला, आपल्या लेकींचा मामा गेला." अण्णांनी डोळे पुसले. "एक जण मागं राहिला न्हाई."