शेवंताच्या कागदातलं दुसरं कलम

"बाई, तुमी फकत लिवा. बोलाचं काम आमचं," असं म्हणून सरपंच भास्कररावांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

रविवारची सकाळ होती. शाळेच्या ओसरीवर गावातले नऊ-दहा पुरुष बसले होते. शेवंता पायरीजवळ, सगळ्यांकडे पाठ करून बसलेली. तिचा डावा हात फडक्याने गळ्यात बांधलेला होता. हात तिच्या नवऱ्याने, नामदेवने मोडला होता; तोही त्या पुरुषांतच बसला होता. ती जानेफळला भावाकडे निघून गेली होती आणि आठ दिवसांनी भावानेच तिला 'आपसात' करायला परत आणलं होतं. आपसात म्हणजे समझोता. कोर्ट नाही, पोलीस नाही. चार लोकांत बसायचं, कागद करायचा आणि बाईने परत नांदायला जायचं.

मी त्या गावची ग्रामसेविका. पंचायत समित्या तेव्हा नव्याने झाल्या होत्या. बालवाडी, महिला मंडळ, बिनधुराची चूल ही माझी कामं. माहेर मलकापूरचं. नोकरी अमडापूरच्या पलीकडच्या या लहान गावात, आणि क्वार्टर म्हणून मिळालेल्या एका खोलीत मी एकटी राहायची. अक्षर चांगलं म्हणून कागद लिहायला मला बोलावलं होतं.

खरं सांगायचं तर नामदेव मला चांगला माणूस वाटायचा. तो कपडे शिवायचा. महिला मंडळाच्या शिवणवर्गाचं मशीन तोच दुरुस्त करून द्यायचा, बायकांना बेतणं शिकवायचा. आवाज हळू, मान खाली. त्या गावात माझ्याशी दोन शब्द नीट बोलणारा तो जवळजवळ एकटाच होता.

सरपंच सांगत गेले, मी लिहीत गेले. पहिलं कलम, नामदेवने हात उचलू नये. दुसरं कलम, शेवंताने उलटून बोलू नये. तिथे माझा पेन थांबला.

"मला तिला एकटीला विचारायचं आहे," मी म्हणाले.

"त्याच्यात काय इचाराचं? तिच्या भावानं हाव म्हटलं न!"

"ऑफिसचा नियम आहे. कागद मी लिहिला तर मला विचारावं लागतं."

असा नियम कुठेही नव्हता. पण तो काढून दाखवा, असं कोणी म्हणालं नाही. मी शेवंताला पहिलीच्या वर्गात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"तुला काय पाहिजे? कागदात काय लिहू?"

ती म्हणाली, "जाचं नाई म्हणून काय फायदा? भावाच्या घरी आठ रोज राह्यली. वयनी भांडे आपटे."

"मग?"

"तो मारते तवा आतून कडी लावते. बाहेर आयाबाया उभ्या राह्यतात. आयकतात. कोनी दार वाजवत नाई." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तेवढं लिवा. दार वाजवा म्हना कोनी. तुमाले बी आयकू येते न, बाई?"

माझी खोली तिच्या घरापासून तिसरी. ऐकू येत होतं. दोनदा तर स्पष्ट आलं होतं. मी नवीन, परगावची, एकटी बाई. दुसऱ्याच्या संसारात कशाला पडा, असं म्हणून मी स्टोव्ह पेटवला होता. स्टोव्हच्या आवाजात बाकीचं काही ऐकू येत नाही.

मी उठले. बाहेर येऊन दुसरं कलम खोडलं आणि त्या जागी लिहिलं: घरातून मारहाणीचा आवाज आल्यास शेजाऱ्यांनी दार वाजवावे. दार वाजताच नामदेवने कडी काढावी.

ओसरीवर गलका झाला. "दुसऱ्याच्या घरात काऊन घुसाचं?" "उद्या कोनी बी दार वाजवन!"

मी कागद वाचून दाखवला आणि शेजारी म्हणून पहिली सही माझीच केली. नंतर कोणी पुढे येईना. शेवटी ओसरीखाली येऊन बसलेली, शेवंताच्या भिंतीला भिंत लागून राहणारी म्हातारी चंद्रभागा उठली आणि तिने अंगठा दिला. नामदेवने सुरेख अक्षरात सही केली. "तुमी म्हंता तर, बाई," तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला.

शेवंता घरी गेली. नामदेवने शिवणवर्गाला येणं बंद केलं. पुढच्या आठवड्यात बायकाही येईनाशा झाल्या. ग्रामसेविका घरं फोडते, अशी बोलवा उठली होती. मी विहिरीवर गेले की बोलणं थांबायचं. महिन्याच्या मीटिंगला चिखलीला गेले तेव्हा बी.डी.ओ. साहेबांनी माझी टूर डायरी उघडली.

"शिवणवर्ग बंद का?"

मी सगळं सांगितलं.

"नवराबायकोचं भांडण तुमच्या रिपोर्टात कुठल्या कॉलममध्ये येतं, मॅडम?"

"'इतर' मध्ये, साहेब."

ते हसले नाहीत. डायरी त्यांनी तशीच परत दिली.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी आवाज आला. आधी भांडं पडलं, मग ती ओरडली. मी उठले. तीन घरांचं अंतर. अंगणात चार बायका उभ्या होत्या. मला पाहून त्या बाजूला झाल्या.

मी दार वाजवलं. आतला आवाज थांबला, पण दार उघडलं नाही.

"नामदेवभाऊ, कडी काढा. तुमची सही आहे."

काहीच नाही. मी वाजवत राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. त्या वेळाइतकं एकटं मला नोकरीत पुन्हा कधी वाटलं नाही. पाठीमागे चार बायका होत्या आणि तरी माझ्या बाजूला कोणी नव्हतं. मग चंद्रभागा काठी टेकत आली. काठीनेच तिने दारावर मारायला सुरुवात केली. "काढ बे कडी! अंगठा देल्ला म्या!" ते ऐकून त्या चौघींतली एक पुढे आली. मग उरलेल्या तिघी.

दार उघडलं. नामदेवच्या गळ्यात मोजायची टेप होती. "काही नाई, बाई. भांडं पडलं," तो म्हणाला. त्याच्या मागून शेवंता बाहेर आली. ओठ फुटला होता. तिने आत जाऊन लुगड्यांचं गाठोडं आणलं आणि ती चंद्रभागेच्या घरात शिरली.

दुसरी बैठक लवकर आटोपली. शेजारच्या पाच बायकांनी दार वाजवलं होतं आणि फुटलेला ओठ डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे 'आमाले काय माईत' म्हणायची कोणाला सोय राहिली नाही. शेवंता वेगळी राहील आणि नामदेव तिच्या दारात जाणार नाही, असं ठरलं. बालवाडीत मदतनीस म्हणून तिला मी घेतलं. काही महिन्यांनी नामदेव गाव सोडून मलकापूरला एका कपड्याच्या दुकानात कामाला लागला. तो परत आला नाही.

शेवंता माझ्याशी कधी फारसं बोलली नाही. मुलांना खिचडी वाढायची, खोली झाडायची, जायची. मी ऐकत असूनही गप्प बसले होते हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मला. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. सामान बैलगाडीत चढवताना निरोप द्यायला कोणी आलं नाही. चंद्रभागा तेवढी ओट्यावरून म्हणाली, "जा आता, बाई. उन्हाच्या आंधी पोचजा."

नंतर मुख्यसेविका झाले. हाताखाली दहा ग्रामसेविका आल्या आणि अशा पुष्कळ बैठकांना बसले. काही बायका नांदल्या, काही नाही. या हाताखालच्या मुलींना मी दोनच गोष्टी शिकवत आले. बाईला आधी एकटीला विचारा. आणि कागद लिहाल तेव्हा वचन मोडल्यावर कोण येणार, त्यांची नावं सगळ्यात वर लिहा. नवऱ्याचं वचन त्याखाली, जागा उरली तर.