ज्ञानूने चिठ्ठीवर काय लिहिलं

आमच्या ऑफिसात ज्ञानेश्वरी आली, त्या पहिल्याच दिवशी मी तिच्यावर खेकसले होते. त्यात विशेष काही नाही, मी सगळ्यांवरच खेकसते. बोईसर-तारापूर रस्त्यावर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाच्या माडीवर आमच्या दोन खोल्या. भगवंतशेठ मालक, ते गिऱ्हाईक आणतात. मी वेबसाइटची पानं सजवते आणि ती चालती-बोलती करणं हे ज्ञानूचं काम. वय चोवीस, बोलणं कमी आणि प्रामाणिकपणा इतका की वैताग यावा. गिऱ्हाइकासमोर शेठनी मोठ्या तोऱ्यात "झालंय ना काम?" असं विचारलं की ही शांतपणे सांगणार, अर्धं झालंय.

हा गुण वडलांचा. खंडेराव मूळचे जतकडचे. पंचवीस वर्षांपूर्वी इथल्या एका केमिकल कारखान्यात लागले, ते आजतागायत डिस्पॅचला ड्रमवर चिठ्ठ्या लावतात. ड्रम बाहेरून सगळे सारखेच निळे. आत काय आहे ते चिठ्ठीने सांगायचं आणि पुढच्या माणसाने ती वाचूनच झाकणाला हात लावायचा. म्हणून त्यांनी घरातही नियम घातला होता, माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही' लिहायचं, अंदाजपंचे काही खरडायचं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात एका डब्यावर खरोखर 'माहीत नाही' लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आत कसलंसं पीठ होतं.

मुलीचं काम मात्र खंडेरावांना पटत नव्हतं. वर्षभर करून बघ म्हणाले होते आणि ते वर्ष सरत आलं होतं. त्यांच्याच खात्यात एक कायमची जागा निघाली होती आणि ज्ञानू येणार की नाही, ते सोमवारी साहेबांना सांगायचं होतं. तिला ती जागा नको होती. पण 'मला माझं काम येतं' एवढं वडलांना सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. मला तिचा खरा राग यायचा तो याचा.

अशात आमच्या किनाऱ्यावरच्या माहीम गावातल्या बायकांचं काम आलं. कबड्डीचे सामने होते. खेळणाऱ्या सगळ्या तिशीच्या पुढच्या आणि प्रत्येक संघात किमान दोन सासवा असल्याच पाहिजेत, असा त्यांचा नियम. अंतिम सामना रविवारी, माहीम विरुद्ध मासवण. माहीमचे निम्मे पुरुष होडीवर, मासवणची कितीतरी माणसं भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर. त्यांना तिथे बसून फोनवर गुण दिसावेत, म्हणून एक पान हवं होतं. ज्ञानूने ते जीव ओतून केलं. खंडेरावांना लिंक पाठवली आणि खाली 'बघा' एवढंच लिहिलं. त्यांची रविवारी ड्यूटी होती, पण जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बघतो म्हणाले.

सामना सुरू झाला आणि माहीमच्या साखरबाईने पहिल्याच चढाईत मासवणच्या दोघींना बाद केलं. साखरबाई अठ्ठावन्न वर्षांची, चार नातवंडांची आजी, कासोटा आवळून अशी परत आली की मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. मीही खुर्चीवर उभी राहून ओरडत होते, ज्यांचं काम केलं त्या दोन्ही संघांच्या नावाने. ज्ञानूने पानावर गुण चढवले.

आणि फोन खणखणायला लागले. लिंक दाबली की पान उघडायचं सोडून फोनात एक फाइल उतरत होती. नवा गुण बघायला पुन्हा दाबलं की आणखी एक फाइल. साखरबाईच्या नवऱ्याने होडीवरून कळवलं, चाळीस फायली जमल्या आणि बायको जिंकतेय की हरतेय ते अजून कळलेलं नाही. मासवणची कॅप्टन जमुना विश्रांतीत धापा टाकत आमच्या टेबलाशी आली.

"ताई, आमची मानसां भट्टीवर फोन धरून बसलीत," ती म्हणाली. "त्यांना कायच दिसत नाय."

ज्ञानूचा चेहरा पडला. भगवंतशेठ तोपर्यंत वडापावच्या गाडीमागे गडप झाले होते. तेवढ्यात खंडेरावांचा फोन आला. मैदानात गलका इतका की तिला तो स्पीकरवर घ्यावा लागला.

"माझ्याकडं सतरा ड्रम येऊन पडल्यात," ते म्हणाले. "एकाचंबी झाकण उघडंना. चिठ्ठीवर काय लिवलंयस?"

ज्ञानूने लॅपटॉप पुढे ओढला. सर्व्हर जे जे पाठवतो, त्याच्यासोबत आत काय आहे ते सांगणारी एक चिठ्ठी जाते. पान असेल तर फोन ते दाखवतो, चित्र असेल तर चित्र, आणि काय आहे तेच कळत नसेल तर न उघडता बाजूला ठेवून देतो. आमच्याकडे ही चिठ्ठी टेम्पलेटच्या, म्हणजे पानाच्या साच्याच्या, डोक्यावर एका ओळीत लिहायची असते. एकाच टेम्पलेटात फोटो, नावं, गुण असं सगळं आल्यावर आमच्या ज्ञानूबाई त्या ओळीशी अडल्या आणि घरच्या शिस्तीप्रमाणे 'माहीत नाही' या अर्थाचा प्रकार लिहून मोकळ्या झाल्या. घाईत तिने ते पान आपल्या लॅपटॉपच्या फोल्डरमधूनच उघडून पाहिलं होतं. तिथे सर्व्हर नाही, म्हणून चिठ्ठीही नाही, म्हणून सगळं छान दिसलं होतं.

"माहीत नाही असं लिहिलंय, आबा."

पलीकडे कँटीनमधली ताटं वाजत होती.

"पान कुणी केलं?"

"मी."

"मग आत काय हाय ते तुला म्हाईत हाय न्हवं? म्हाईत असून न्हाई लिवणं हेबी खोटंच की, पोरी."

वर्षभर मी खेकसून जे सांगू शकले नव्हते, ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. ज्ञानूने ती ओळ खोडली आणि लिहिलं, टेक्स्ट एचटीएमएल, म्हणजे आत वेबचं पान आहे. मराठी अक्षरांचा भुगा होऊ नये म्हणून पुढे युटीएफ-आठही जोडलं.

मग जे झालं ते काय सांगू! होडीवरून फोन, भट्टीवरून फोन, दिसतंय, दिसतंय. शेवटच्या चढाईला तेवीस-तेवीस. जमुनाने साखरबाईचा घोटा धरला, साखरबाई तिला फरपटत रेषेकडे निघाली, बोटभर अंतर राहिलं आणि शिट्टी झाली. मासवण एका गुणाने जिंकलं. खाली पडलेल्या दोघी उठायचं सोडून हसत सुटल्या. मासवण कुठे आहे हे ठाऊक नसलेलं अख्खं कँटीन अजून चालू असलेल्या फोनच्या स्पीकरवरून मासवणच्या नावाने बोंबलत होतं.

त्या गोंधळात ज्ञानूने फोन तोंडाशी धरला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"आबा, मला माझं काम येतं."

"दिसलं की," खंडेराव म्हणाले. "सायबाला उद्या दुसरं माणूस बघायला सांगतो."