तावाचा आवाज

मुलांनो, हे आजच लिहिते आहे, कारण तीन दिवस मला एका जागी बसवत नाही. चहा टाकते, तो उतू जातो. कपाट आवरायला घेते आणि अर्धं सोडून खिडकीशी येते. समोरच्या घराचं दार उघडं दिसलं की मागे सरते. चूक माझी आहे. तुमच्या निमित्ताने झाली, म्हणून तुम्हाला सांगते.

फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, जुन्नरला गडाशिवाय काय आहे?" मी म्हटलं, इथे कागद बनायचा. चिंध्या कुटून लगदा करायचा, चाळणीवर एकेक ताव उचलायचा, वाळवायचा, खळ लावून दगडाने घोटायचा. तुमचा विश्वास बसला नाही. म्हणून समोरच्या शेजारणीकडून, आपांकडून, त्यांच्या वडिलांच्या हातचा शेवटचा ताव मी फोटोपुरता मागून आणला. कोराच होता, फिका पिवळसर, कडा ओबडधोबड. देताना आपांनी तो कानाशी धरून हलवला. त्यांच्या घरात ताव असाच पारखायचे, आवाजावरून.

माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. रेशनकार्ड, तुमच्या आईची गुणपत्रकं, माझ्या गोळ्यांची यादी, सगळं लॅमिनेट. तावाचा एक कोपरा झिजलेला दिसला, तशी मी एसटी स्टँडजवळच्या दुकानात गेले.

"बाई, आता शंभर वर्षं पाणी लागायचं न्हाई," दुकानदार म्हणाला. मला बरंच वाटलं.

घरी येऊन सहज ताव कानाशी नेला. प्लास्टिक वाजत होतं. कात्रीने एक कड सोडवून पाहिली, तर प्लास्टिकबरोबर कागदाचा पापुद्रा निघू लागला. तिथेच हात थांबवला.

आज सकाळी ताव पदराखाली धरून समोर गेले. आपा भाकरी थापत होत्या. हात धुऊन, पुसून त्यांनी तो घेतला आणि कानाशी हलवला. मग दुसऱ्या कानाशी.

"ह्यो तर हाटेलातल्या मेनूकार्डावानी वाजतोय."

"आपा, चुकलं माझं. मला वाटलं, टिकेल."

"टिकंल की! आमी मेल्यावर बी टिकंल. मुका ऱ्हाऊन."

"रागवा तरी मला."

"मास्तरीणबाईला कोन रागावनार? लई शिकलेल्या तुमी."

त्या हसल्या, पण ताव नेहमीच्या जागी, जुन्या पुस्तकात, परत गेला नाही. फडताळात डब्यांना टेकवून त्यांनी तो उभा केला आणि माझ्याकडे न बघता लसूण ठेचायला घेतला. हातात काळा, मुठीएवढा, गुळगुळीत दगड होता. मी बघते आहे हे त्यांना कळलं.

"वडलांचा हाये. कागद घोटायचा. ह्याला तरी नेऊ नका दुकानात."

मी तो हातात मागितला. त्यांनी क्षणभर थांबून दिला. त्याला लसणाचा वास होता आणि एका बाजूला अंगठा बसेल एवढा खोलगटपणा.

अजून मी येरझाराच घालते आहे. माफी मिळाली की नाही, सांगता येत नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून ठेवते. आमच्या आळीत आता कोणी कागद करत नाही. एक ताव आहे, त्याला आवाज नाही. घोटायचा दगड आहे, समोरच्या स्वयंपाकघरात, आणि तो रोज वापरात आहे.