धुऱ्यावरच्या घरचं पाणी

काकाजी गेल्याचा फोन आला तेव्हा काकाजीच बोलत होते. गोंदियातल्या माझ्या ऑफिसात भिंतीवरच्या पडद्यावर ड्रोनने टिपलेला एक प्लॉट फिरत होता, समोर नागपूरहून आलेलं गिऱ्हाईक बसलं होतं, आणि स्पीकरमधून त्यांचा तो किंचित घोगरा, भरवशाचा आवाज सांगत होता, "जागा उंचावर आहे. पानी थांबत नाही." इकडे कानाशी त्यांची मुलगी प्रणाली म्हणत होती, "दादा, बाबा गेले सकाळी." मी रिमोट शोधत राहिलो... तो सापडेपर्यंत काकाजींनी रस्त्याची रुंदीही सांगून टाकली होती.

त्याला आता दीड महिना होईल. श्रावणकाकाजी जमिनीचे दलाल होते. हा शब्द लोक शिवीसारखा वापरतात, पण आमच्या तालुक्यात त्यांनी 'घे' म्हटल्याशिवाय जागा न घेणारी घरं होती. वीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली धंदा शिकत मोटरसायकलवर मागे बसलो. सातबारा, नकाशा, सगळं पाहून झालं की ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, थांब, अजून पानी प्याचं राहिलं. मग त्या जागेच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून ज्याचं शेत असेल त्याच्या घरी जायचे, पाणी मागायचे आणि गडू हातात धरून घोट घोट पीत बसायचे. याच गावांमधून त्यांच्या आजोबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. घराण्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याआधीची गोष्ट. मी एकदा तसं बोललो, तर म्हणाले, "म्हनूनच तर मागतो. ज्या घरी मले पानी भेटते ना, त्या घरी खरंही भेटते. हातात गडू देऊन मानूस खोटं नाही बोलत."

दवनीवाडा रस्त्यावरची एक जागा मला फार आवडली होती. सपाट, मुरूम टाकलेली, डांबरी रस्त्याला लागून. शेजारच्या म्हातारीने आम्हाला पाणी दिलं. अर्धा गडू संपल्यावर काकाजी म्हणाले, "माय, तुह्या शेजारी घर बांधाचं म्हनून राहिलो. कसं राहीन?"

"बांध ना बाबू," म्हातारी दात नसलेलं हसली. "पन एक डोंगाही घेऊन ये. पावसात दुकानात कायनं जाशीन?"

होडी लागणारच; तिथे बोडी होती, धानाला पाणी देणारं लहानसं तळं. कुणीतरी ते बुजवून वर मुरूम पसरला होता. काकाजींनी सौदा तिथेच मोडला. परतताना मोटरसायकलवरून मान वळवून मला म्हणाले, "मुरूम पाहून भुललास गा? नकाशाले तहान नाही लागत, बापा."

मग एका मोठ्या शहरातली कंपनी आली. ड्रोन, ॲप, डोळ्यांवर यंत्र चढवून घरबसल्या जागेत फिरून यायची सोय... मी दिपून गेलो आणि त्यांचं इथलं काम घेतलं. आजही मी त्या यंत्रांना वाईट म्हणणार नाही. दूर राहणाऱ्या कित्येकांचे हेलपाटे त्यांनी वाचवले. पण कंपनीला इथला, लोकांच्या ओळखीचा आवाज हवा होता. एक पावसाळाभर मी काकाजींना गावोगाव फिरवलं आणि फोनवर रेकॉर्डिंगसाठी बोलतं केलं. ते खुशीत होते. "भरून ठेव सारं. मी गेल्यावर कोन सांगन?" या आवाजात मशीन पुढे हवी ती वाक्यं बोलेल, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. "आवाज जपून ठेवायला आहे," म्हणून संमतीचं पान पुढे धरलं. त्यांनी खिशातला चष्मासुद्धा न काढता स्क्रीनवर बोटाने सही केली.

दवनीवाडा रस्त्याची तीच जागा पुढे आमच्या ॲपवर विकायला आली. तिच्या माहितीत काकाजींचं बोडीबद्दलचं वाक्य होतं. ते मी पुसलं. रिकाम्या राहिलेल्या जागी मशीनने इतर प्लॉटसारखंच 'पानी थांबत नाही' हे वाक्य आपणहून भरलं, काकाजींच्या आवाजात. केशोरीच्या एका शिक्षक जोडप्याने त्या आवाजावर विसंबून घर बांधलं, आणि पावसाळ्यात पाणी थेट त्यांच्या चुलीपाशी आलं. ते जाब विचारायला काकाजींच्या दारात गेले. ॲपमधला तो आवाज लावून फोन त्यांच्या कानाशी धरला.

दुसऱ्या दिवशी काकाजी माझ्या ऑफिसात आले. बसले नाहीत.

"हा मीच बोलून राहिलो का?"

"मशीन आहे, काकाजी. आवाज तेवढा तुमचा."

"अन् बोडी काऊन नाही याच्यात? मी तं सांगितलं होतं."

"ते कंपनीने..." मी म्हणालो आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. वीस वर्षांत त्यांनी कुणाच्या पाण्याला नाही म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी एका बोटाने ग्लास माझ्याकडे परत सरकवला.

"राहू दे. मी पेलो तं तुले खरं बोलावं लागन."

त्यानंतर त्यांची मोटरसायकल अंगणातच उभी राहिली. कुणी जागेबद्दल विचारायला आलं तर म्हणत, "मले नको विचारू. माह्या तोंडून आता दुसराच बोलते." वर्षभर मी त्या घराकडे फिरकलो नाही.

काकाजी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही मी मागच्या रांगेतून निघून आलो. चार दिवसांनी धीर करून एकटा गेलो. प्रणालीने, दारी आलेल्या कुणालाही देतात तसं, काकाजींच्या पितळी गडूतून पाणी दिलं. मी प्यालो आणि विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलले का?"

"बोलले," ती म्हणाली. "म्हने, वाक्य त्यानंच पुसलं. तो येईन सांगाले. दारात गाडी वाजली का उठून पाहत."

"मीच पुसलं," मी म्हणालो. वर्षभर अडकलेले दोन शब्द.

"आता मले सांगून काय फायदा, दादा? आवाज ऐकून जे जागा घेऊन राहिले, त्यायले सांगा."

म्हणून हे लिहितो आहे. तो आवाज काढून टाका म्हणून मी कंपनीच्या मागे लागलो; ते सहीकडे बोट दाखवतात. ती सही मीच घेतलेली. तेव्हा आवाज चालूच राहील. उद्या तुम्हालाही तो एखादी जागा दाखवेल, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्याने सांगावं तसं सांगेल. ते काकाजी नाहीत. धुऱ्यावरच्या घरी जा, पाणी मागा... आणि गडू रिकामा होईपर्यंत उठू नका.