पन्नीचा आवाज

शनिवारी सकाळी टेकडीवर जाऊन मारोतीच्या वानरांना फुटाणे चारायचे, हा उपाय मला एका शेजाऱ्याने सांगितला. माझी साडेसाती सुरू होती. निदान माझं तसं मत होतं; बायकोचं मत असं की, माझं तोंडच तेवढं वाईट आहे. ऑफिसात कोणाशी पटत नव्हतं, बदलीची धास्ती होती, त्यात साखर वाढली होती. चालणंही होईल आणि शनीही शांत होईल, असा विचार करून मी यवतमाळहून स्कूटर काढली.

टेकडी शहरापासून फार लांब नाही. पायथ्याशी कपाशीची आणि तुरीची वावरं, मग सागाच्या जंगलातून चढणारी पायवाट, आणि वर शेंदूर लावलेला मारोती. वन्यप्राण्यांना खाऊ घालू नये, अशी एक पाटी वाटेवर आहे. तिच्या खांबाला टेकून मी दम खात असे. पाटी इतरांसाठी आहे, याबद्दल मला जराही शंका नव्हती. आमच्या दोन पिढ्या सरकारी कचेऱ्यांत गेल्या. पाट्या लावणारे आपण आणि वाचणारे दुसरे, ही समजूत अंगात मुरलेली.

पहिल्या दिवशी काळ्या तोंडाची ती वानरं झाडांवरून नुसती बघत राहिली. मी "या मारोतीराव" म्हणून हाका मारल्या, कोणी आलं नाही. मग खिशातली फुटाण्यांची पन्नी काढून जरा चुरगाळली. प्लास्टिकच्या पिशवीला आमच्याकडे पन्नीच म्हणतात. त्या आवाजाने एका फाटक्या कानाच्या नराने मान वळवली आणि तो खाली उतरला. दोन-तीन महिन्यांत असं झालं की मी पन्नी नुसती वाजवायची आणि सगळा कळप वाटेवर. फाटका कान तर माझ्या तळहातावरून फुटाणे उचलायचा. त्याची बोटं गार होती. खोटं कशाला बोलू, ऑफिसात मला कोणी उठून खुर्ची देत नव्हतं आणि इथे अख्खा कळप माझ्यासाठी झाडावरून उतरत होता. मी फोटो काढले, स्टेटसला लावले, लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मी चांगलाच फुगलो.

मग तापाने दोन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी थंडी होती, वावरं कापसाने पांढरी झाली होती. पायवाटेला लागून असलेल्या शेवटच्या वावरात एक बाई कापूस वेचत होती. पन्नाशीची असेल, वावर तिच्या घरचंच. जाता-येता राम राम एवढीच आमची ओळख. वेचणाऱ्या बायांचे दोन्ही हात कसे भराभर चालतात ते मी पाहिलेलं होतं, आणि हिचा एकटा डावाच हात चालत होता. उजवा कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, जुन्या लुगड्याच्या पट्टीने गळ्यात अडकवलेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"वांदरानं पाडलं ना, भाऊ. डोक्यावर भाकरीचं गाठोडं होतं अन् हातात पन्नी. पन्नीत चार कांदे. भाकरीले हात नाई लावला त्यानं, पन्नीवरच झेपावला. मी दगडावर पडली."

"कोणता होता?" हे मी उगीच विचारलं. मला कळलं होतं.

"फाटक्या कानाचा. इतके वर्स झाले, मी याच वाटेनं जाऊन राह्यली. हे वावरात शेंगा खाते, आपण हाकललं का पयते. अंगावर कधी नाई आले. कोणी शहरातला येते म्हणे, पन्नीतून चारते. त्यानं चटक लावली या वांदरायले."

माझ्यावरची शनीची नजर टळावी म्हणून मी जे केलं होतं, ते तिच्या मनगटावर उतरलं होतं. मला बोलायला जागा होती, वेळ होता, आसपास कोणी नव्हतं. 'मीच तो' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "काही लोकांना अक्कलच नसते हो. पाटीसुद्धा वाचत नाहीत."

हे वाक्य आठवलं की आजही रस्त्याने चालता चालता माझ्या तोंडून 'शी' निघतं. लोक वळून बघतात.

"नाई तं काय," ती म्हणाली. "डाक्टर म्हणते दीड महिना हात हालवू नोका. सारा कापूस फुटून राह्यला, वेचाले बाया भेटत नाई. म्या एका हातानं किती वेचू?" मग तिचं लक्ष माझ्या खिशाकडे गेलं. "तुमी वर चालले काय? पन्नी-गिन्नी नाई ना जवळ?"

"आहे जराशी. माझ्या खाण्यापुरते फुटाणे आहेत."

"बाप्पा! काढा ते." तिने बांधावरची कापडी पिशवी उचलली, डाव्या हाताने उलटी करून आतल्या तुरीच्या शेंगा खाली ओतल्या आणि पिशवी माझ्यापुढे धरली. "यात ओता, भाऊ. तुमालेही पाडतीन ते."

मी पन्नी बाहेर काढली. ती वाजणारच होती, आणि वाजली.

सागाची वाळलेली पानं खडखडली. फाटका कान पुढे, मागे सगळा कळप. "मांगं व्हा, भाऊ!" असं ओरडून तिने पिशवी खाली टाकली, बांधावरची काठी उचलली आणि ती माझ्या पुढ्यात उभी राहिली, एक हात गळ्यात अडकवलेला असताना. तो तिला वळसा घालून आला, माझ्या पायाशी बसला आणि त्याने माझा तळहात आपल्याकडे ओढला. बाकीचीही आजूबाजूला शिस्तीत बसली. एकानेही दात दाखवले नाहीत.

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काठी हळूहळू खाली आली.

"तुमाले ओयखते हे," ती म्हणाली.

लाजेने माझे कान तापले होते, आणि तेव्हाही डोक्यात काहीतरी खोटं जुळवणं चालूच होतं. एकही धड जुळलं नाही.

"तुमी जा खाली, साहेब. तुमी जासान तवाच हे जातीन."

इतका वेळ मी भाऊ होतो.

पन्नी खिशात कोंबून मी वाटेला लागलो. कळपही माझ्यामागे निघाला, तिच्या कपाशीच्या कडेकडेने. मागे वळून बघायचा धीर झाला नाही. थोडं खाली गेल्यावर तिची हाक आली, "साहेब! पन्नी काढू नोका आता! पाडतीन तुमाले!"

मी न वळताच हात वर करून ऐकल्याची खूण केली आणि चालत राहिलो.