बाईच्या गोळ्या

तेरवीच्या पंगती उठल्या, तशी शेजारची शांता माझ्याजवळ सरकली. मला वाटलं, रडायला आली. तर हळूच म्हणते, "बाईच्या थ्या दुखन्याच्या गोळ्या उरल्या असतीन ना? दोनक दे." माझं डोकंच फिरलं. "तुह्या जावेले विचार, कशी मरता मरता वाचली थे!" मी भर मांडवात ओरडले.

सुलोचना माझी थोरली बहीण. आम्ही तिला बाई म्हणायचो. कर्करोग हाडांत उतरला, दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं, आणि मी मोहाडीहून करडीला तिच्याजवळ येऊन राहिले. घरी येणाऱ्या नर्सनं बजावलं होतं, मॉर्फिनची गोळी फोडायची नाही, कुटायची नाही, वेळ चुकवायची नाही. आणि दुसऱ्या कुणी एकही घ्यायची नाही, जिवावर बेतेल. मी वेळेवर गोळी बाईच्या हातावर ठेवायची, पाणी द्यायची आणि चुलीकडे वळायची. तरी ती कण्हायचीच... मी मूर्ख, डॉक्टरला शिव्या घालत होते.

मग एका दुपारी शांताची जाऊ कौसल्या उठेचना. चिखलात वाकून भाताचा रोवणा करून आलेली, ओठ निळे, श्वास अडखळत. वेळेत दवाखान्यात नेली म्हणून वाचली. तेव्हा कळलं, बाई गोळी गिळतच नव्हती. उशीखाली ठेवायची आणि रोवण्यावरून येणाऱ्या बायांना वाटायची. आणि त्या निर्लज्ज, घ्यायच्या!

"काहून वं? तू इथं तडफडून राहिली अन् औषध गावाले वाटतं?"

"त्याहीले उद्या अखीन वाकाचं आहे," बाई म्हणाली. "मी त लेटूनच आहो."

त्या दिवसापासून डब्याला कुलूप. गोळी गिळली की जीभ वर करून दाखव म्हणायची. ती दाखवायची, पण माझ्याशी बोलायची नाही. शेवटी शेवटी कण्हणं थांबलं, शांत झोपायला लागली... एवढं सुख आधीच का नाही घेतलं तिनं? आजही संताप होतो.

तेरवीनंतर उरलेल्या गोळ्या नर्सला परत केल्या आणि बसमध्ये बसले. तिकिटासाठी पिशवीचा आतला कप्पा उघडला. पिशवी इतके दिवस बाईच्या खाटेलाच टांगलेली, कप्पा मी उघडलाच नव्हता. नोटांच्या घडीत कागदाची पुडी. आत एक गोळी. कुलूप लावायच्या आधीचीच असणार. बाईला कुशीवर वळवताना मी एकदा बोलून गेले होते, माझीही कंबर धरली म्हणून...

तीही गोळी परत केली. पण त्या कप्प्यात हात गेला की अजून तोंडातून तेच निघतं, "तुले कोनं मागितली होती वं?"